डोहाकाठची आसरा आणि जगभरातील तिच्या बहिणी



या अंकात मी भुताखेतांविषयी लिहिणार आहे, हे वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. मिशनच्या पत्रकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न मलाही एके काळी पडला असता. त्याचे उत्तर देण्यासाठी मला माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन मी नुकतीच सेवेत आले होते. अकोले तालुक्यातील एका ठाकरवाडीवर संध्याकाळी मुलांची अभ्यासिका घेत असे. वाडीच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्यात कातळाखाली एक खोल डोह आहे. डोहाच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या आणि सुकलेली फुले. एकदा मुलांनी मला बजावले, "ताई, तिकडं जायचं नाय. डोहात आसरा हायेत. पाय धरून आत ओढत्यात." मी हसले आणि त्यांना समजावून सांगितले, की असे काही नसते, पाण्यात फक्त पाणी असते, घाबरायचे काहीच कारण नाही. त्या रात्री मी मोठ्या समाधानाने झोपले. आपण एका अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा लावला असे मला वाटले.

पुढच्याच आठवड्यात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा त्या डोहात उतरला. "ताई म्हनली, आत कुनी नाय," असे सोबत्यांना सांगून उतरला. दोन पावलांवर कातळ संपतो आणि पाणी एकदम खोल होते, हे त्याला ठाऊक नव्हते. जवळच गुरे चारणाऱ्या एका माणसाने हातातला बांबू पुढे केला म्हणून तो मुलगा वाचला. त्याच्या आजीला भेटायला मी गेले, तेव्हा ती मला रागावली नाही. चुलीपाशी बसून तिने एवढेच विचारले, "बाय, तू आसरा काढून टाकलीस. मग तिच्या जागंवर कुनाला बसवलंस?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या प्रश्नामुळे मी पाण्यातल्या या जीवांविषयी वाचू लागले, म्हाताऱ्या माणसांना विचारू लागले. त्यातून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवते.

आसरा कोण?

महाराष्ट्रात घाटावर आणि कोकणात, नदीच्या डोहाशी, विहिरीवर, तळ्याकाठी साती आसरांचे ठाणे आढळते. कोकणात काही ठिकाणी त्यांना मावलाया म्हणतात. त्या सात बहिणी, पाण्यात राहणाऱ्या. अभ्यासक हा शब्द संस्कृतातील 'अप्सरा' या शब्दाशी जोडतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'अप्' म्हणजे पाणी आहे. लोक त्यांना देवताही मानतात आणि त्यांना भितातही. भर दुपारी, तिन्हीसांजेला एकट्याने पाण्यावर जाऊ नये, नाहीतर आसरा धरतात, असे आजही सांगितले जाते.

आपल्याला वाटते, ही आपल्याकडचीच, रानावनातल्या अडाणी लोकांची समजूत. पण जगाच्या नकाशावर बोट ठेवत गेले, तर जिथे जिथे पाणी आहे तिथे तिथे असे कोणीतरी बसलेले दिसते.

पाण्याकाठचे पहारेकरी

जपानमध्ये कप्पा नावाचा जीव आहे. अंगाने लहान मुलाएवढा, पाठीवर कासवासारखी ढाल, आणि डोक्यावर बशीसारखा खळगा. त्या खळग्यात पाणी असते आणि त्यातच त्याची सारी शक्ती. नदीत उतरणाऱ्या मुलांना आणि घोड्यांना तो आत ओढतो. परंतु तो फार शिष्टाचारी आहे. तुम्ही त्याला वाकून नमस्कार केला, की तोही वाकतो, डोक्यावरचे पाणी सांडते आणि त्याचे बळ संपते. त्याला काकडी अतिशय आवडते, म्हणून जपानी लोक काकडी घातलेल्या भाताच्या गुंडाळीला आजही 'कप्पा-माकी' म्हणतात. यानागिता कुनिओ या अभ्यासकाने 1910 साली उत्तर जपानमधील तोनो भागातील लोककथांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कप्पाच्या कथा आहेत, आणि तोनोमध्ये कप्पाचा म्हणून ओळखला जाणारा ओढ्याचा डोह आजही दाखवतात. विशेष म्हणजे, जपानमध्ये काही तळ्यांच्या आणि कालव्यांच्या काठी 'येथे धोका आहे' असे सांगणाऱ्या पाट्यांवर कप्पाचेच चित्र असते.

इंग्लंडच्या वायव्य भागात, लँकेशायर आणि चेशायर परगण्यांत, हिरव्या दातांची जेनी आहे. तिचे नाव जेनी ग्रीनटीथ. लांब केस, लांब हात आणि हिरवे दात. ती साचलेल्या डबक्यात आणि तळ्यात राहते व काठावर आलेल्या मुलांना ओढून नेते. त्या भागातील तळ्यांवर बारीक हिरव्या पानांची एक तरंगती वनस्पती वाढते. तिचा थर इतका दाट बसतो, की पाणी दिसतच नाही, हिरवळ पसरली आहे असे वाटते. लहान मूल त्यावर पाय ठेवते, खाली जाते, आणि वरचा हिरवा थर पुन्हा मिटतो. लँकेशायरमध्ये त्या वनस्पतीलाही काही लोक जेनी ग्रीनटीथच म्हणत. म्हणजे कथेने धोक्याला नाव दिले, चेहरा दिला आणि नेमकी जागाही दाखवली.

उत्तर ध्रुवाजवळ कॅनडात इनुइट लोक राहतात. त्यांच्याकडे समुद्रावरच्या बर्फाखाली कालुपालिक असते. हिरवट कातडी, लांब केस. इनुइट आया आपल्या बाळांना अंगरख्याच्या पाठीवरील झोळीत घेतात. तसाच अंगरखा कालुपालिकही घालते, आणि बर्फाच्या कडेशी एकट्या फिरणाऱ्या मुलाला त्या झोळीत घालून पाण्यात नेते. बर्फाखालून तिचे गुणगुणणे ऐकू आले, तर मागे फिरायचे, असे मुलांना शिकवले जाते. गोठवणाऱ्या पाण्यात पडलेले मूल फार वेळ तग धरत नाही, हे त्या आईबापांइतके कोणाला माहीत असणार?

रशिया, युक्रेन या देशांत रुसाल्का आहे. नदीत राहणारी, मोकळ्या केसांची तरुणी. पेंटेकॉस्टच्या सुमारास येणारा एक आठवडा तेथे 'रुसाल्कांचा आठवडा' म्हणून पाळला जाई, आणि त्या दिवसांत नदीत पोहायला मनाई असे. लोक ख्रिस्ती होते, मंडळीत उपासनेला जात होते, तरी नदीवर जाताना आजीची आज्ञा विसरत नव्हते.

खरा आहे की खोटा?

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील आदिवासी दलदलीत आणि नदीच्या डोहांत राहणाऱ्या बनयिपची कथा सांगत. गोरे वसाहतवाले तेथे आले तेव्हा त्यांनी ती ऐकली आणि त्यांना एकच प्रश्न पडला, हा प्राणी खरा आहे का? 1846 साली मरम्बिजी नदीच्या काठी एक विचित्र कवटी सापडली. हीच बनयिपची कवटी, अशी आवई उठली. सिडनीच्या संग्रहालयात ती लोकांना दाखवण्यात आली आणि बघ्यांची गर्दी झाली. अखेर जाणकारांनी सांगितले, की ती एखाद्या पाळीव जनावराच्या व्यंग असलेल्या पिल्लाची कवटी आहे. झाले, बनयिप खोटा ठरला आणि विषय मिटला.

मी डोहाकाठी नेमके हेच केले होते. खरे की खोटे एवढेच पाहिले. ही कथा कोणते काम करते, हे विचारले नाही. ज्या लोकांपाशी कुंपण नव्हते, धोक्याची पाटी नव्हती, पाटी असती तरी वाचता आली नसती, आणि मजुरीला गेल्यावर मुलावर लक्ष ठेवायला घरी माणूस नव्हते, त्यांनी पाण्याकाठी एक पहारेकरीण उभी केली. तिला पगार लागत नाही आणि ती दुपारीही झोपत नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. बुडणारा माणूस चित्रपटातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, श्वास घ्यायलाच उसंत नसते, मग हाक कोठून मारणार? हात वर करून इशारा करणेही त्याला जमत नाही. बहुतेक वेळा तो गुपचूप, काही क्षणांत खाली जातो. काठावरच्याला वाटते, आत्ता होता आणि आत्ता नाही, जणू कोणी खालून ओढले. पाणवनस्पती पायात अडकते, चिखल पाय धरतो, बंधाऱ्याखालचा भोवरा माणसाला तळाशी दाबून ठेवतो. "पाय धरून ओढत्यात" हे मुलांचे वाक्य पाहिलेल्या घटनेचेच वर्णन होते.

पवित्र शास्त्रातील पाणी

आपल्यातील काही जण म्हणतील, आपला या गोष्टींशी काय संबंध? पण पवित्र शास्त्र लिहिणारेही अशाच कथा ऐकत मोठे झालेल्या लोकांत राहत होते. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित या प्राचीन नगराचे उत्खनन 1929 साली सुरू झाले. तेथे मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या कथा सापडल्या. त्यांत लोतान नावाचा समुद्रातील सर्प आहे आणि बआल त्याला मारतो. हा लोतान म्हणजे आपल्या ईयोबाच्या आणि स्तोत्रांच्या पुस्तकांतील लिव्याथानाचा नातलग, असे अभ्यासक मानतात. एकशे चाराव्या स्तोत्रात मात्र हाच लिव्याथान देवाने घडवलेला, समुद्रात खेळणारा प्राणी म्हणून येतो. स्तोत्रकर्त्याने शेजाऱ्यांच्या कथेतील जीवाला हाकलून दिले नाही. त्याने त्याला निर्माणकर्त्याच्या हाताखाली आणून बसवले.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील ती रात्रही आठवा. शिष्य वल्हवून दमले आहेत, वारा उलटा आहे, आणि पाण्यावरून कोणीतरी चालत येताना दिसते. त्यांना वाटते भूत आहे, आणि ते ओरडतात. त्यांतील काही जण तर जन्मापासून त्या सरोवरावर मासे धरणारे होते. प्रभूने तेव्हा भुते असतात की नसतात यावर प्रवचन केले नाही. आधी धीर दिला, मग तो त्यांच्या मचव्यात चढला. भ्यालेल्या माणसापाशी कसे जावे, हे मी त्या उताऱ्यातून शिकले. पदविकेच्या परीक्षेत मी त्याच उताऱ्यावर उत्तर लिहिले होते, पण तेव्हा हे सुचले नव्हते.

कथा कोठे कमी पडते

आसरेची बाजू मी एवढी मांडली, म्हणून ती पुरेशी आहे असे मात्र कोणी समजू नये. तिच्या कामात दोन मोठ्या उणिवा आहेत आणि त्यांची किंमत मुलांच्या जिवाने मोजावी लागते.

पहिली उणीव अशी. मूल बुडाले, की "आसरांनी नेलं" असे म्हणून लोक हात जोडतात. तिने नेले म्हटल्यावर पुढे करण्यासारखे काही उरत नाही. कोणी पाण्यात गळ टाकत नाही. बाहेर काढलेल्या मुलाला श्वास देऊन पाहत नाही. दोर का नव्हता, कुंपण का नव्हते, हे कोणी कोणाला विचारत नाही. काही वेळा तर दोष आईवर येतो, की तिनेच काही नेमधर्म मोडला असणार. ज्या आईचे मूल गेले, तिच्यावरच हा भार टाकणे फार निर्दय आहे. अशा घरी आपण जाऊन बसले पाहिजे आणि तुझा काही अपराध नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

दुसरी उणीव मला अलीकडे ध्यानात आली. आसरा जुन्या पाण्यात राहते. नव्या पाण्यात ती अजून आलेली नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात शेततळी झाली. त्यांचा शेतीला उपयोग आहे, त्याबद्दल वाद नाही. पण उतरत्या भिंतींवर प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला, की शेवाळाने इतका निसरडा होतो, की धडधाकट माणसालाही वर चढता येत नाही. हात लावायला दगड नाही, मूळ नाही, गवत नाही. रस्त्यासाठी दगड काढलेल्या खाणींचे खड्डे पावसात भरतात, त्यांचेही तसेच. त्या काठांवर शेंदराचे दगड नाहीत, कोणत्याही आजीने त्यांच्याविषयी काही सांगितलेले नाही. मुलांना ते निळे, स्वच्छ, मजेचे पाणी वाटते. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात शेततळ्यात पडलेल्या मुलांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो.

ही काही एका तालुक्याची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता, आणि दहांतील नऊंहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी 25 जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी जागतिक दिन म्हणून ठरवला.

तिच्या जागेवर कोणाला बसवायचे?

आजीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना बांगलादेशचे उदाहरण फार उपयोगी पडले. तेथे घराभोवतीच तळी असतात. मुले बहुधा सकाळी, आई कामात असताना बुडतात, हे पाहून गावोगावी लहान पाळणाघरे सुरू करण्यात आली. सकाळी नऊ ते दुपारी एक, गावातीलच बाई मुलांना सांभाळते. एवढ्या साध्या उपायाने त्या मुलांतील बुडण्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. शाळेच्या वयाच्या मुलांना पोहायला शिकवणे, पाण्याला कुंपण घालणे आणि गावकऱ्यांना सुटकेचे व श्वास देण्याचे शिक्षण देणे, हे उपायही जागतिक आरोग्य संघटना सुचवते.

आम्ही वाडीवर जे केले, ते याहून लहान आहे. शेततळ्याभोवती बांबूचे आणि काटेरी फांद्यांचे कुंपण केले. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडला, म्हणजे पडलेल्याला धरून वर येता येईल. झाकण घट्ट लावलेले तेलाचे रिकामे डबे दोरीला बांधून काठावर टांगले. असा डबा फेकला, तर तो धरून मूल तरंगू शकते. अंगणवाडीच्या ताईंनी दुपारी मुलांची मोजणी करण्याचे कबूल केले.

मुलांना तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. सोबती बुडत असेल तर पाण्यात उडी मारायची नाही, कारण वाचवायला गेलेलाही अनेकदा बुडतो. काठावर आडवे पडून काठी, दोर, लुगडे काहीतरी पुढे करायचे किंवा डबा फेकायचा. आणि मोठ्याने हाक मारून मोठ्या माणसाला बोलवायचे. मोठ्या माणसांना सांगितले, की बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल, तर पोट दाबून किंवा उलटे टांगून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, पुन्हा श्वास द्या, आणि कोणाला तरी ताबडतोब 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगा. हे हाताने करून पाहिल्याशिवाय येत नाही, म्हणून आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडून बाहुलीवर सराव करून घेतला.

आणि आसरा? तिला आम्ही हात लावला नाही. आमची श्रद्धा वेगळी आहे, हे वाडीला ठाऊक आहे. परंतु आता अभ्यासिकेत मीच मुलांना विचारते, "तुमची आजी त्या डोहाविषयी काय सांगते?" मुले भराभर सांगतात. मग मी त्यांना कप्पाचे चित्र दाखवते, हिरव्या दातांच्या जेनीची गोष्ट सांगते. मुले हसतात, थोडी घाबरतात. मग आम्ही सगळे मिळून बांबू घेऊन डोहावर जातो आणि पाण्याची खोली मोजतो. जिथे कातळ संपतो, तिथे बांबू एकदम आत जातो. तेव्हा मुले गप्प होतात. आजी का सांगत होती, ते त्यांना तिथेच कळते.

मागच्या पावसाळ्यात वाडीतील मुलांनी शेततळ्यासाठीही एक गोष्ट रचली. त्या तळ्यात म्हणे एक निळी म्हातारी राहते. तिच्या अंगाला साबण लावलेला असतो, त्यामुळे तिला धरून कोणाला वर येता येत नाही. ही गोष्ट मी शिकवलेली नाही.

प्रिय वाचकहो, या लेखाच्या शेवटी मी आपल्याकडे दोन गोष्टी मागते. आपल्या मंडळीच्या आवारात, शेतावर, गावी जी विहीर किंवा टाकी आहे, तिला झाकण आणि दोर आहे का, ते या आठवड्यात जाऊन पाहा. आणि पुढच्या वर्षी आणखी चार वाड्यांवरील शेततळ्यांना दोर, डबे आणि कुंपण करायचे आहे, त्यासाठी आपल्या प्रार्थनेत आणि दानात आमची आठवण ठेवा. ज्याने चुलीपाशी बसून मला सुनावलेल्या त्या आजीच्या तोंडून मला शिकवले, त्या प्रभूची कृपा आपणा सर्वांवर असो.